लाल ठिपका

आमच्या ह्यांना सगळा बाजार ‘ठिपकेवाले’ म्हणतो. खरं नाव विचारलंत तर शेजारचा शिंपीसुद्धा डोकं खाजवेल. शिलाई मशीन दुरुस्त करायचा ह्यांचा धंदा. काम झालं की शेवटचा स्क्रू आवळायचा आणि त्यावर नेलपॉलिशचा लाल ठिपका द्यायचा, अर्धा स्क्रूवर, अर्धा पत्र्यावर. नेलपॉलिश कुणाची? माझी! नव्या नवलाईत हौसेनं घेतलेली पहिली बाटली ह्यांनी मशिनींवर संपवली. तेव्हापासून माझी नखं कोरडी ती कोरडीच, आणि बाजारातल्या मशिनी नटलेल्या.

त्या ठिपक्याचं शास्त्र असं, की स्क्रू जरा जरी फिरला तरी ठिपका तुटतो. मशीन परत आली आणि ठिपका तुटलेला दिसला, तर मध्ये दुसऱ्या कुणीतरी हात घातलाय. ठिपका अख्खा असेल तर चूक ह्यांची. मग एक पैसा न घेता काम पुन्हा करून द्यायचं, वर गिऱ्हाइकाला चहा पाजायचा. “अहो, अशानं धंदा होतो का?” म्हणून मी किती कंठशोष केला. तर म्हणायचे, “अगं, आपल्या कामाला आपणच जागलो नाही तर कोण जागणार?” आता बोला.

असल्या भोळ्या सांबाची गाठ पडली मोबाइलच्या दुकानाशी.

त्याचं कारण ताई. ताई म्हणजे ह्यांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा ह्यांना कडेवर घेऊन वाढवलं ते तिनंच. स्वतः लग्न केलं नाही. घरात खायचे वांधे झाले तेव्हा ह्यांना शाळेतून काढून मशीनच्या कारखान्यात चिकटवलं, तेही तिनंच. ती राहायची लांब, पोचायला रात्रभर गाडी आणि वर अर्धा दिवस. म्हातारपणी तिची नजर गेली. त्यात एका भामट्यानं फोनवर गोड गोड बोलून तिला लुबाडलं. हे तडक गेले, तिच्या साध्या फोनमध्ये आपल्या नंबरला पाखरांच्या किलबिलाटाची घंटी लावून आले आणि बजावलं, “ताई, पाखरं ओरडली तरच फोन उचलायचा. एरवी जगबुडी झाली तरी नाही.” ताईनं ते शब्दन् शब्द पाळलं. आमच्या घरात फोन तो एकच, म्हणजे ताईच्या कानापर्यंत जायची वाटही एकच.

तो जुना फोन मेला आणि हे नवा आणायला गेले. दुकानातली पोरगी जिभेवर साखर घेऊनच बसलेली. “काका, दोन वर्षांचा करार करा. दरमहा हप्त्यात फोनही आला, बोलणंही आलं. नंबर तुमचा जुनाच, फोनच्या पोटात बसवून देते, कार्डाची भानगडच नाही. आणि बिघडला तर आम्ही आहोतच ना!” ह्यांनी सही ठोकली.

थोड्याच दिवसांत फोनला खोड लागली. पलीकडचं आम्हाला लख्ख ऐकू यायचं, आमचा आवाज मात्र पलीकडे जायचा नाही. कधी जायचा, कधी नाही. पोरीनं फोन बंद करून चालू केला आणि म्हणाली, “झालं की!” घरी येईस्तोवर पुन्हा तेच. मग दुरुस्तीला पाठवला. फोन गेला की पोटातला नंबरही त्याच्याबरोबर गेला, हप्ता तेवढा तारखेला बिनचूक कापला जायचा. परत आला तो ‘दुरुस्त केला, तपासला’ अशी चिठ्ठी चिकटवून, आणि दोन दिवस नीट चालून ये रे माझ्या मागल्या! दुकान म्हणे कंपनीला विचारा, कंपनी म्हणे दुकानाला विचारा. ह्यांचा नुसता चेंडू झाला.

एका दुपारी ह्यांनी ताईला फोन लावला. मी शेजारीच भाजी निवडत होते. ताईनं उचलला. “बारक्या? बोल रे.” हे बोलले. तिकडे काही पोचेना. “बारक्या? हल्ली पाखरं ओरडतात, मी उचलते, आणि तू बोलतच नाहीस. रागावलास का रे माझ्यावर?” हे ओरडले, “नाही गं ताई!” जिन्यातली माणसं डोकावली, पण ताईला कुठलं ऐकू जायला! ती आपली बोलतच राहिली. “शाळेचंच ना रे ते? मला माहीत होतं, कधीतरी तू काढणार. तुझी पुस्तकं मीच विकली. पोटापायी विकली रे. मला माफ कर.” हे फोन हलवतायत, फुंकतायत, रडतायत. मी पण बोंबलले. तिनं थोडा वेळ वाट पाहिली आणि फोन ठेवला. ह्यांना रडताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. त्या कंपनीच्या मालकाला समोर आणून बसवावं आणि ते ऐकवावं, असं झालं मला.

शिंप्याच्या फोनवरून ताईला लावून पाहिलं. पाखरं नाहीत, म्हणून तिनं उचलला नाही. मग तिच्या शेजारच्या किराणावाल्याला निरोप दिला, की फोन बिघडलाय, रागबिग काही नाही. तो सांगून आला. म्हणाला, “सांगितलं हो. माझा फोन पुढे केला, तर पाखरं नाहीत म्हणून हातात घेईनात. वर म्हणतात, मग तो स्वतःच्या तोंडानं का सांगत नाही?”

शिंप्यानं ग्राहक मदत केंद्राचा पत्ता दिला. तिथल्या बाई माणसातल्या निघाल्या. म्हणाल्या, “ज्यानं विकलं त्याची जबाबदारी, त्यानं कंपनीकडे बोट दाखवायचं नाही. दुरुस्तीची संधी दिलीत, तरी तोच बिघाड परत आला. आता नवा फोन मागा, नाहीतर करार मोडून पैसे मागा. लेखी मागा. आणि रागाच्या भरात हप्ता थांबवू नका, तुम्हालाच बुडवे म्हणतील.” ह्यांनी तसं लिहून दिलं. दुकानवाले म्हणाले, शेवटचा एकदा दुरुस्तीला पाठवू, मग बघू.

तेव्हा ह्यांच्या डोक्यात किडा वळवळला. हे लोक फोन उघडतात तरी का? चार्जिंगच्या भोकाशेजारी दोन इवलेसे स्क्रू असतात. ह्यांनी काडीच्या टोकानं त्यांच्यावर माझ्या नेलपॉलिशचे दोन ठिपके दिले. फोन गेला आणि ‘नवा भाग बसवला’ अशी चिठ्ठी घेऊन परत आला. हे भिंग डोळ्याला लावून बसले आणि एकदम ओरडले, “अख्खे! अगं, अख्खे आहेत! लेकांनी उघडलाच नाही!” आवाज अर्थात तेव्हाही जात नव्हता.

दुकानानं कंपनीचे साहेब येण्याची तारीख दिली. तुम्ही हजर नसाल तर तक्रार बंद, म्हणाले. मी म्हटलं, “खड्ड्यात गेला तो फोन. आजच्या गाडीनं ताईकडे जा. समोर बसून सांगा.” तर म्हणे, “अगं, चोर मुद्देमालासकट सापडलाय. चार दिवसांचा तर प्रश्न. नवा फोन घेऊनच जातो, तिच्याच हातात देऊन बोलतो.” मी हात टेकले. ह्या माणसाचा ठिपक्यावर माझ्याहून जास्त विश्वास.

तारखेला मीही गेले. ह्यांनी भिंग पुढे केलं, म्हणाले, “साहेब, बघा. ठिपका अख्खा, म्हणजे स्क्रू फिरला नाही. मग नवा भाग काय हवेतून बसला?” साहेबांनी पाहिलं. चांगलं निरखून पाहिलं. मग विचारलं, “हे लाल तुम्ही लावलंत?”

“मीच,” हे छाती काढून म्हणाले.

“म्हणजे फोनशी छेडछाड तुम्ही केलीत. बाहेरचा पदार्थ आत जाऊ शकतो. हमी रद्द.” आणि साहेब चहा प्यायला उठले. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच! मी त्या काचेच्या टेबलावर अशी मूठ हाणली, की पोरीच्या जिभेवरची साखर विरघळली. ह्यांनी मात्र भिंग खिशात घातलं. ठिपका म्हणजे सचोटी, एवढंच ह्यांना ठाऊक. त्याला कुणी छेडछाड म्हणेल, हे ह्यांच्या सात पिढ्यांना सुचलं नसतं.

घरी परतलो तर शिंपी दारातच उभा. किराणावाल्याचा फोन येऊन गेला होता. ताई सकाळी गेली. झोपेतच गेली म्हणे, उशाशी फोन होता.

हे गेले, सगळं उरकून आले. येताना ताईची काठी आणि तिचा तो साधा फोन घेऊन आले. तो मी वापरायला लागले. घंटी बदलली नाही.

मदत केंद्रातल्या बाई मात्र हटल्या नाहीत. ग्राहक न्यायालयात उभ्या राहून त्यांनी विचारलं, “बिघाड ठिपक्याच्या आधीचा. मग ठिपक्यानं बिघडलं कसं म्हणता? सिद्ध करा.” दुकानाला ते जमलं नाही. नवा फोन द्या, कापलेले हप्ते परत करा, असा निकाल लागला. शिंप्यानं पेढे मागितले. मी त्याला असं फाडून खाल्लं, की बिचारा आठवडाभर आमच्या दाराकडे फिरकला नाही. बैल गेला आणि झोपा केला, त्याचे कसले पेढे?

ह्यांनी ठिपके देणं सोडलं. अर्धी बाटली माझ्या हातात ठेवली, म्हणाले, “घे, लाव नखांना.” मी ती फेकून दिली.

नवा फोन आणायला हे एकटेच गेले. मी घरी भांडी घासत होते. फळीवर पाखरं ओरडली. ओल्या हातांनीच फोन उचलला. पलीकडे दुकानाचा गलबला, आणि पोरीचा आवाज, “बोला ना काका, आवाज जातोय का बघा.”

 हे अगदी हळू म्हणाले, “ताई, मी रागावलो नव्हतो गं.”

मी ताई नाही, हे माझ्या तोंडून निघेना. “ऐकू आलं,” एवढंच म्हणाले.

“जातोय ना आवाज?” पोरगी मागून म्हणाली. “मग इथं सही करा काका. तक्रार मिटली.”