हिवाळी पाहुणा

अप्पांचं बोट धाविक पक्ष्याच्या चित्रावर थांबलं होतं. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली आणि विकतचं पुस्तक आणणारीही मीच. आपल्या भागातले पक्षी ओळखायचं हे पुस्तक मी दिवाळीला गावी येताना मुद्दाम आणलं होतं.

चित्राखालची अक्षरं जुळवत अप्पांनी विचारलं, "निवासी म्हंजे गं?"

"बारमाही इथंच राहणारा. माळावर."

"आन् हिवाळी पाहुणा?"

"थंडीत येतो, मग निघून जातो."

"म्हंजे तुझ्यागत!"

हसता हसता आमची नजर दाराबाहेर गेली. ज्या माळावर अप्पांनी जन्मभर मेंढरं चारली, तिथं आता कुंपणाआड नजर पोचेल तिथवर सोलरची काळी पॅनेलं आहेत. धाविकाला पळायला जमीन उरली नाही, मेंढरांना चरायला. उद्या व्यापारी मेंढरं नेणार, आणि अप्पा माझ्याबरोबर शहरातल्या दोन खोल्यांत येणार. राहणाऱ्याचा माळच गेला तर त्याला काय म्हणायचं, ते पुस्तकात कुठंच नाही.

अप्पांनी पुस्तक माझ्या हातात दिलं.

"तेवढं निवासी खोडून टाक, पोरी. उगं कुणीतरी शोधत यायचं."