आबांना परत मेंढरांमागं जायचं होतं

माझ्या वडिलांना, आबांना, हृदयाचा झटका आला तेव्हा ते मेंढरांमागं नव्हते, माझ्या धाकट्या भावाच्या ओसरीवर बसून तंबाखू मळत होते. हे मुद्दाम सांगते, कारण दवाखान्यातून सुटल्यापासून आबा भेटेल त्याला तेच ऐकवत होते. "बसलो म्हून आला. मेंढरामागं असतो तर आलाच नसता."

वैजापूर तालुक्यातल्या गावाकडून मी त्यांना शहरात, मुकुंदवाडीला माझ्या फ्लॅटवर आणलं. डॉक्टरांनी अटी घातल्या होत्या. तंबाखू बंद, मीठ-तेल निम्म्यावर, रोज चाळीस मिनिटं झपझप चालणं. दोन महिन्यांनी मशीनच्या पट्ट्यावर चालवून बघायचं, आणि जमलं तरच मेंढरांमागं जायची परवानगी. नाही जमलं तर भाऊ कळप विकणार होता, शेती सांभाळून त्याला तो झेपत नव्हता. आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाले, "मेंढरं इकायची नायती."

मी मात्र लगेच कंबर कसली. माझा नवरा म्हणतो, हिच्यावर काही सोपवू नका, ही घर डोक्यावर घेते. रोज भाजीची दोन पातेली चढू लागली, एक आबांचं अळणी, एक आमचं नेहमीचं, आणि दोन्हींची चव बघायला मी. आबांच्या ठेच्यात मी मिठाऐवजी लिंबू पिळलं, लसूण वाढवला. पहिल्या दिवशी त्यांनी घास तोंडात धरून माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "बाय, माझं काय चुकलं?" तंबाखूच्या चंचीत मी भाजलेली जवस भरली. सवयीनं ते दर तासाला चंची काढायचे, जवस तळहातावर घ्यायचे, अंगठ्यानं मळल्यासारखं करायचे आणि तोंड वाकडं करून चावायचे. पण चावायचे.

गाडी अडली ती चालण्यापाशी. जन्मभर कोसन् कोस चाललेल्या माणसाला कॉलनीच्या मैदानाला गोल फेऱ्या मारायला सांगायचं. "कामाबिगर चालतंय त्याला आमच्यात येडं म्हणत्यात," ते म्हणाले. शिवाय मेंढरांमागची चाल म्हणजे चार पावलं टाकायची आणि थांबायचं. डॉक्टरांना ती चालणार नव्हती. चार दिवस असेच गेले आणि मी चिडचिड करून करून थकले.

पाचव्या दिवशी कॉलनीतले निवृत्त लोक मैदानात गप्पा हाणत, रमतगमत चालले होते. आबांना ती चाल बघवेना. त्यांनी काठी आडवी धरली आणि मागून खणखणीत आवाज दिला, "हुर्रर्र!" सगळे दचकले आणि खरंच पाय उचलून चालायला लागले. आबा त्यांच्या मागं, कुणी बाजूला सरकला की काठीनं आत घेत. मी कट्ट्यावर हसून हसून बेजार झाले. मला वाटलं, आता लोक भांडायला येणार. दुसऱ्या दिवशी तेच लोक फाटकाशी आबांची वाट बघत उभे होते, आणि त्यातले एक हेडमास्तर मला हळूच म्हणाले, "ताई, बाबांना सांगा, आज जरा बेतानं हाका."

मी रोज कट्ट्यावर बसून फेऱ्या मोजायचे. हातात खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी. सहा फेऱ्या, आठ फेऱ्या. ज्या दिवशी दहा झाल्या त्या दिवशी मी भावाला फोनवर इतक्या जोरात सांगितलं की शेजारीण दारात आली. भाऊ म्हणाला, "तायडे, आबा पास झाले तर कळप ठिवतो. मदतीला गडी लावीन."

फोन ठेवला आणि मग माझ्या लक्षात आलं. आबा पास झाले म्हणजे आबा जाणार. लग्न झाल्यापासून ते माझ्याकडं सलग आठ दिवससुद्धा राहिले नव्हते, दर वेळी मेंढरं आडवी यायची. ते पास व्हायला हवे होते आणि जायला नको होते. मला दोन्ही मनापासून वाटत होतं, आणि हे मी कुणालाही सांगितलं नाही.

तपासणीच्या दिवशी आबा धुतलेलं धोतर नेसून पट्ट्यावर चढले. पट्टा सुरू झाला तसे डॉक्टरांना म्हणाले, "रस्ताच चालतोय की. मग मी कशाला चालू?" वेग वाढला. मी मुठी आवळून काचेतून बघत होते. ते थांबले नाहीत. शेवटी डॉक्टर हसले आणि म्हणाले, "आबा, जा आता मेंढरांमागं." मी दवाखान्यातच टाळ्या वाजवल्या.

डॉक्टरांनी माझ्याकडं निरखून पाहिलं. "ताई, जिना चढून आलात तेव्हापासून तुम्हाला धाप लागलीय." माझ्या दंडाला पट्टा बांधला. दहा मिनिटं शांत बसवून परत बांधला. माझा रक्तदाब आबांपेक्षा कितीतरी जास्त निघाला.

"तुम्ही रोज चालता का?" त्यांनी विचारलं.

"मी फेऱ्या मोजते," मी म्हणाले, आणि म्हणता म्हणता मला माझीच लाज वाटली.

आबांनी सगळं ऐकलं. माझ्याच फोनवरून त्यांनी भावाला फोन लावायला सांगितला. "पास झालो. मेंढरं इकू नको. गडी लाव आन् दोन म्हैने तूच बघ. इथं माझं एक लंगडतंय, त्याला टाकून नाय येता येत."

डॉक्टर गोळ्या लिहून देत होते, मीठ किती धोक्याचं ते बजावत होते, आणि मी हसत होते. "ताई, ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही," ते म्हणाले. मला ते कळत होतं. पण माझा बाप आणखी दोन महिने माझ्या घरी राहणार होता.