कोण चालेल?

सिल्वासात कुणालाही काहीही विचारा, उत्तर ठरलेलं असतं. गुजराती माणूस 'चालशे' म्हणतो, हिंदी बोलणारा 'चलेगा' म्हणतो आणि आम्ही मराठी माणसं 'चालेल' म्हणून मोकळे होतो. चहात साखर कमी आहे, चालेल. पंखा वारा कमी आणि आवाज जास्त करतो, चालेल. या एका शब्दावर आमचं सगळं गाव सुखानं चाललेलं आहे. फक्त दवाखान्यातल्या धुरी सिस्टरांसमोर हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. त्या चष्म्याच्या वरून बघायच्या आणि विचारायच्या, "कोण चालेल?"

आमची पहिली भेट याच प्रश्नानं झाली. मी इथल्या शाळेत मराठी शिकवतो. माझी माय ऐंशीच्या पुढची. अमळनेरकडच्या आमच्या गावाहून ती माझ्याकडे राहायला आली आणि न्यूमोनिया होऊन दवाखान्यात पडली. ताप उतरला, ऑक्सिजन निघाला, पण माय काही पलंगावरून हलेना. लघवीला नळी लावलेली, रात्री झोपेची गोळी, आणि जेवण म्हणजे माझी बायको चमच्यानं भरवील तेवढं. एक नर्स म्हणाली, "सर, यांचा चष्मा घरी घेऊन जा, इथे हरवेल." मी म्हणालो, "चालेल."

"कोण चालेल?" मागून आवाज आला. वळून पाहिलं तर माझ्या खांद्याला जेमतेम लागेल एवढी एक सडसडीत बाई कमरेवर हात ठेवून उभी. "चष्म्याशिवाय या चालतील? समोरची भिंत तरी दिसेल का त्यांना? ठेवा तो इथेच, उशाशी." मी मराठीचा मास्तर. पण एका क्रियापदावरून माझी अशी शिकवणी आजवर कुणी घेतली नव्हती.

सिस्टर वेंगुर्ल्याकडच्या. वॉर्डच्या इनचार्ज म्हणून त्या इथे आल्या तेव्हा या वॉर्डात म्हाताऱ्या माणसांवर उपचार म्हणजे त्यांना नीट निजवून ठेवणं, असाच समज होता. यात दुष्टपणा कुणाचाच नव्हता. पेशंट पडला तर काय, ही आयाबाईंना भीती. आई-बापाला उठवणं म्हणजे छळ, ही आम्हा नातेवाइकांची समजूत. सिस्टर दोघांनाही सारख्याच फैलावर घ्यायच्या. एरवी मराठी अगदी स्वच्छ, पण रागावल्या की मालवणी बाहेर पडायची. "पडतली म्हणान निजवन ठेवशात, तर निजान मरतली!"

एकदा मी धीर करून म्हणालो, "सिस्टर, थोडा आराम केला तर बरंच ना?" त्यांनी मायची उशी सारखी केली. मग म्हणाल्या, "आराम करूनच गेले माझे बाबा. ताप साधाच होता. सगळ्यांनी सांगितलं, पडून राहा. ते बिचारे ऐकणारे, पडून राहिले. ताप गेला, पण बाबा पुन्हा उठलेच नाहीत." त्यांच्या रागाचं मूळ मला तेव्हा कळलं, आणि त्या बाईबद्दल मनात फार माया दाटून आली.

मायचं दुःख मात्र वेगळंच होतं. श्रावणात आम्हा खानदेशी माणसांची कानबाई असते. देवी एक रात्र घरी बसते आणि दुसऱ्या दिवशी वाजतगाजत नदीवर जाते. इथून जवळच्या नरोलीत भाड्याच्या खोल्यांतून राहणारे आमच्याकडचे कामगार दरवर्षी मिळून ती बसवतात. आजवर मायनं कानबाईला पायी पोचवलं नाही असं एकदाही झालं नव्हतं. आता ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "यंदा देवी मनाबिगर जाई." म्हणजे यंदा देवी माझ्याशिवाय जाणार.

सिस्टरांनी डॉक्टरांना गाठलं. डॉक्टर समंजस होते. त्यांनी मायला तपासलं, नळी काढायला सांगितली, झोपेची गोळी थांबवली आणि हळूहळू उभं करायला परवानगी दिली. पण मायच तयार होईना. डोळे मिटून घ्यायची, हात झटकायची.

आणि मग एका सकाळी तो मजेदार घोळ झाला. सविताबेन ही खानवेलची आयाबाई, मोठी प्रेमळ. तिनं आपल्या सवयीनं विचारलं, "माजी, बेडपॅन आपुं, चालशे?" म्हणजे बेडपॅन देऊ का, चालेल ना? मायला गुजरातीतलं काही कळलं नाही, शेवटचा शब्द तेवढा पकडला. आणि आमच्या अहिराणीत 'चालशी?' म्हणजे 'तू चालशील का?' मायला वाटलं, ही बाई आपल्याला डिवचतेय.

"चालसू ना!" माय उसळली. "तुले काय वाटनं, मना पाय गयात?" आणि तिनं खरोखरच पाय पलंगाखाली सोडले.

"अरे माजी, पडी जशो!" सविताबेन किंचाळली. बायकोनं मायचा दंड धरला. तेवढ्यात सिस्टर धावत आल्या. "कुणी ओरडायचं नाही. आजी काय म्हणाल्या?" मी अर्थ सांगितला. सिस्टर एवढ्या हसल्या की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग त्या मायसमोर वाकल्या. "आजी, कोण चालेल?"

मायनं छातीवर हात ठेवला. "मी."

मग घाई कुणी केली नाही. घेरी येऊ नये म्हणून मायला थोडा वेळ तसंच पाय सोडून बसवलं. घसरणार नाहीत अशा चपला घातल्या, चष्मा लावला. एका बाजूला सिस्टर, दुसऱ्या बाजूला सविताबेन. माय उभी राहिली, लटपटली, सावरली आणि दरवाजापर्यंत जाऊन तिथल्या खुर्चीत राणीसारखी बसली. अख्ख्या वॉर्डानं टाळ्या वाजवल्या. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते लपवावंसं मला वाटलं नाही.

त्या दिवसापासून सविताबेनला चटकच लागली. भाषा कुठलीही असो, ती प्रत्येक म्हाताऱ्यासमोर उभी राहून मुद्दाम विचारी, "चालशे?" हळूहळू प्रत्येक पलंगाशी एक खुर्ची आली. जेवण खुर्चीत बसून, आपल्या हातानं. कवळ्या आणि कानाची यंत्रं कपाटातून उशाशी आली. राउंडला आलेले डॉक्टर तापाच्या आधी विचारू लागले, "काल कुठवर गेलात, आजोबा?" सगळेच चालू लागले असं नाही. जे चालू शकत नव्हते त्यांच्यासाठी सिस्टर म्हणायच्या, "प्रत्येकाचं चालणं वेगळं. पाय चालत नसतील तर बसवा. बसवत नसेल तर निदान खिडकीकडे तोंड करा, नजर तरी चालू दे."

श्रावण आला तोवर माय घरात काठीवर हिंडत होती. नुकत्याच निवृत्त झालेल्या धुरी सिस्टर दुसऱ्या दिवशी कायमच्या गावी निघायच्या होत्या, तरी नरोलीला आल्या. अंगावर ठेवणीतली साडी आणि हातात प्लास्टिकची खुर्ची. मिरवणूक निघायच्या वेळी माझा धीर सुटला. मी म्हणालो, "माय, नदीपर्यंत रिक्षा केली तरी चालेल."

मायनं चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं. "कोन चाली? रिक्षा का मी?"

सगळी गल्ली हसली. डफ वाजू लागला. माय देवीच्या मागे काठी टेकत निघाली आणि तिच्या मागे खुर्ची घेऊन सिस्टर. दमली की माय बसायची, दम खाऊन पुन्हा उठायची. देवी तिच्यासाठी थांबत थांबत गेली, पण दमणगंगेच्या पाण्यापर्यंत माय आपल्या पायांनी पोचली.

परतताना तिनं सिस्टरांचा हात धरला. "पुढला साले बी ये, बहीण. मी चालसू, तू खुर्ची धरजो."

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मग मायकडे. एवढ्या दिवसांत जो शब्द त्यांनी कुणाला सुखानं उच्चारू दिला नव्हता, तो त्यांनी स्वतः उच्चारला. "चालेल," त्या म्हणाल्या.

कोण, असं या वेळी कुणीच विचारलं नाही.