विल म्हणजे पुढचं

सरांनी मला उठवलं नव्हतं. मी आपणहून उठले होते. हे आधी सांगते, कारण नंतर वर्गातले सगळे म्हणाले की हिनं काहीतरी आगाऊपणा केला असणार.

मी विचारलं होतं, "सर, विल हा शब्द आला की दर वेळी भविष्यकाळच असतो का?"

एवढंच.

इंग्रजी आठवीत सुरू व्हायचं. मी नववीत होते. सरांना प्रश्न विचारलेले आवडायचे. वकिलांच्या मुलानं एकदा विचारलं होतं, पाऊस पडतो तर इंग्रज कुत्री-मांजरं पडली असं का म्हणतात? सरांनी त्यावर अर्धा तास घेतला. हसले, फळ्यावर चित्रं काढली.

माझ्या प्रश्नावर हसले नाहीत. खडू खाली ठेवला.

"हा प्रश्न तुला कुणी शिकवून पाठवला?"

मी म्हटलं, कुणी नाही.

"पाणी म्हण."

मला कळेना. मी म्हटलं, "पानी."

"पाणी."

"पानी."

घरी आम्ही पानीच म्हणायचो. शाळेत जपून बोलायचे, पण भीती वाटली की जीभ घरच्यासारखीच वळायची. सरांनी मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि तास संपेपर्यंत तो एकच शब्द म्हणायला लावला. मी म्हणत होते, मागे वर्ग हसत होता. सर म्हणाले, "ज्यांच्या बापजाद्यांना आमच्या तांब्यातलं पाणी प्यायची सोय नाही, त्यांना ते म्हणता तरी कसं येणार? आणि म्हणे विल."

रडले नाही असं लिहायला आवडलं असतं. रडले. पण रडतानाही एक गोष्ट डोक्यात आली. सरांनी उत्तर दिलं नव्हतं. आणि पुढे गडबडीत त्यांनी जो धडा उघडला, तो आम्ही मागच्याच आठवड्यात संपवला होता.

ते उत्तर मला का हवं होतं, ते सांगते.

माझा बाप वसईजवळच्या सांडोरला एका केळीच्या वाडीत कूळ होता. वाडी सरांच्या थोरल्या भावाची. त्यांना आम्ही मालक म्हणायचो. राजेळी केळी बापानं लावायची, आईनं आणि मी सोलून वाळवायची, सुकेळी बांधायची. मालकांच्या विहिरीचा रहाट बाप हाकायचा. काठावरच्या तांब्याला मात्र हात लावायचा नाही. ओंजळीत वरून ओततील तेवढं प्यायचं.

आदल्या रविवारी मालकांनी बापाला अंगणात बोलावलं. मी केळीच्या पानांचा भारा घेऊन मागे उभी होते. ओटीवर मालक आणि सर बसले होते. सरांच्या हातात टाइप केलेला इंग्रजी कागद. कुळांचा कायदा नवा झालाय, असं मालक म्हणाले, सगळं कागदावर आणावं लागतं. सरांनी बापाला अर्थ सांगितला: पुढेमागे तुला वाडी नकोशी झाली, तर ती तू मालकांनाच परत करशील, तिसऱ्याला देणार नाहीस. शनिवारी मामलेदार कचेरीत येऊन अंगठा दे.

बाप मान हलवत होता. त्याला वाटलं असावं, यात काय बिघडलं? वर अभिमानानं म्हणाला, "माजी पोर पन विंग्रजी शिकते सरांकडं."

मालक हसले. म्हणाले, मग वाचू दे की.

सरांनी कागद माझ्यासमोर धरला. हातात दिला नाही. मी भारा खाली ठेवून वाचू लागले. द टेनंट हॅज, ऑफ हिज ओन विल, गिव्हन अप. टेनंटला मी तेनंत म्हटलं. दोघं हसले. पुढे वाचू दिलं नाही. सरांनी बोट ठेवून विचारलं, "हा शब्द कोणता?"

"विल."

"विल म्हणजे काय शिकवलं मी?"

"भविष्यकाळ."

"शाब्बास. सांग बापाला."

मी बापाला सांगितलं, "बाबा, विल म्हंजे पुढचं. आताचं नाय."

सरांनी मला दिलेली ती एकमेव शाब्बासकी. घरी येईपर्यंत मी तरंगत होते. आजही आठवलं की जीभ कडू होते. माझ्या बापाला फसवायला त्यांनी माझंच तोंड वापरलं होतं.

ते लगेच कळलं नाही. आधी फक्त खटकलं. ते वाक्य मला पाठ झालं होतं, शाळेत पाठ करायचीच सवय होती. केळी सोलताना तेच म्हणत होते. विलच्या पुढे क्रियापदाचं पहिलं रूप यायला हवं. इथं होतं गिव्हन. तिसरं रूप. तिसरं रूप हॅजबरोबर येतं, आणि ते आलं की काम झालेलं असतं. मग एकाच वाक्यात झालेलं आणि व्हायचं, दोन्ही कसं? आणि गिव्हन म्हणजे दिलेलं, अप म्हणजे वर. वर कोण देतं? कुणाला?

सरांकडे उत्तर मिळेना. मग माझा कुणावरच भरवसा राहिला नाही. सांडोरात रोझामावशी होती, मुंबईच्या इस्पितळात नर्स, सुट्टीवर आलेली. इंग्रजी बोलायची. पण तिच्या भावाचं मालकांकडे जाणं-येणं होतं. ती बोलून गेली तर? म्हणून मी वाक्य फोडलं. बुधवारी तिला फक्त ओन विचारला. आपलं स्वतःचं, ती म्हणाली. गुरुवारी गिव्हन अप विचारला.

ती म्हणाली, "वर देणं नाही गो. सोडून देणं. आमचे डॉक्टर पेशंटची आशा सोडतात ना, तेव्हा हेच म्हणतात."

म्हणजे कागदात काहीतरी सोडलेलं होतं. शुक्रवारी विल घेऊन गेले. ती भाजीच्या वाफ्यात बसली होती. हातातलं खुरपं ठेवलं. म्हणाली, रोज एक तुकडा आणतेस. अख्खं वाक्य कुणाचं आहे?

सांगावं की नाही? उद्या शनिवार होता. सांगितलं.

तिनं ते दोनदा म्हणायला लावलं. मग म्हणाली, "बाय, इथं विल म्हणजे मर्जी. या कुळानं आपल्या मर्जीनं सोडली. सोडून झाली. पुढचं काही नाही यात."

मी धावत घरी गेले. बापाला सांगितलं. त्यानं मला ओरडून गप्प केलं. सर शिकलेला मानूस, तो खोटं कशाला बोलेल? आणि तूच तर म्हनालीस, विल म्हंजे पुढचं. मीच म्हणाले होते.

शनिवारी शाळा बुडवून मी त्याच्या मागोमाग वसईला कचेरीत गेले. तो परत जा म्हणाला नाही. साहेबांच्या टेबलासमोर मालक आणि सर खुर्चीवर, बाप उभा, मी दाराशी. शाईची गादी पुढे आली. बापानं अंगठा टेकवला. शाई लागली. मग त्यानं मागे वळून माझ्याकडे पाहिलं, आणि हात तसाच हवेत धरून सरांना विचारलं, "सर, विल म्हंजे काय?"

उभ्या जन्मात त्यानं त्या घरातल्या कुणाला प्रश्न विचारला नव्हता.

सर म्हणाले, "सांगितलंय ना तुला एकदा."

साहेबांनी मान वर केली. बाप त्यांच्याकडे वळला. "साहेब, तुमी सांगा."

साहेबांनी कागद वाचला. सावकाश वाचला. "तू स्वखुशीनं वाडी सोडली आहेस, असं लिहिलंय. सोडलीस ना?"

"नाय," बाप म्हणाला. "आज सकाळीच पानी लावून आलोय."

साहेबांनी कागद मालकांकडे सरकवला. बापानं अंगठा आपल्याच धोतराला पुसला. मला आनंद झाला नव्हता. आता काय करतील, याचीच भीती होती.

केलंच त्यांनी. रहाटाचा बैल काढून घेतला. त्या उन्हाळाभर आम्ही तिघांनी डोक्यावरून घागरी वाहून केळी जगवली, निम्मी वाळून गेली. शाळेत सर माझी हजेरी घेईनात. हात वर केला तर भिंतीकडे बघत. वर्ष संपताना मला इंग्रजीत नापास केलं. शाळा सुटली. रोझामावशी सुट्टीत यायची तेव्हा शिकवायची, मधल्या काळात पत्रानं. प्रत्येक पत्रात मी पाच प्रश्न विचारायचे. मॅट्रिक बाहेरून केलं, दुसऱ्या खेपेला. वाडी पुढे कूळकायद्यानं बापाच्या नावावर झाली. म्हणून सगळं फिटलं असं कुणी समजू नये. शेजारच्या दोन कुळांनी तसल्याच कागदांवर अंगठे दिले होते. त्यांना विल काय ते विचारायला कुणी नव्हतं. ती माणसं मिठागरावर मजुरीला गेली, आणि मजुरीतच गेली.

माझ्याकडे आता बायका कागद घेऊन येतात. पाचूबंदरातून येतात, राजोडीहून येतात. मी त्यांना अर्थ सांगून मोकळी होत नाही. शेजारी बसवते, एकेक शब्द विचारायला लावते. माझ्या सांगण्यावरसुद्धा विश्वास ठेवू नका, म्हणते, आणखी एकाला विचारा. मी सांगितलेला अर्थही एकदा चुकला होता. कुणाला हे संशयी वाटतं. असू दे. आम्हाला भोळं ठेवूनच त्यांच्या वाड्या पिकल्या. समजल्याशिवाय अंगठा द्यायचा नाही, सहीही नाही. आणि प्रश्नावर जो चिडेल, त्याच्या हातातला कागद आधी वाचायचा.