दुसरा मोजा

समोरच्या बाल्कनीत शेजारीण दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती. तिची चार वर्षांची मीरा खाली फतकल मारून मोजे जुळवत बसली होती. बाबाचा काळा मोजा तिने आपल्या पायाला लावून पाहिला, हसली आणि तसाच दुसरा शोधायला पुन्हा ढिगात शिरली. दुसरा सापडला, तेवढ्यात आई ओरडली, “पसारा नको करूस गं! आत जा, ‘जोड्या लावा’चं पान राहिलंय तुझं.”

माझं डोकंच फिरलं. मग इतका वेळ ती पोर काय करत होती? लहान-मोठं, सारखं-वेगळं, बाबाचं-माझं, सगळं त्या ढिगात होतं. पण रोजच्या कामातून आलेलं आपण शिक्षणात धरतच नाही. त्याला टेबल लागतं, पेन्सिल लागते, मूल रडकुंडीला यावं लागतं. त्या आईला तरी काय बोलणार? उद्या शाळेत बाई वही तपासणार, मोजे थोडेच तपासणार!

घड्या घालता घालता आई थबकली. “काळा मोजा एकच कसा?”

आतून उत्साहाने आवाज आला, “माझ्याकडे आहे! घेऊन येऊ?”

“आधी पान पूर्ण कर.”