माय, लिथियम आणि गोड पाणी

मी सातवीत होते तेव्हा आईनं अख्ख्या गावाला माझ्या लग्नाचं आवतन दिलं. नवरदेव नव्हता, मुहूर्त नव्हता. घरातली तूर विकून तिनं आचारी बोलावला. गोवऱ्यांच्या विस्तवात रोडगे लागले, वांग्याची भाजी झाली. आठवडाभर ती झोपली नव्हती आणि तरी थकलेली नव्हती. डोळे लखलखत होते, एक वाक्य संपायच्या आत दुसरं सुरू. वडील मी लहान असतानाच गेलेले, त्यामुळे तिला थांबवणारं घरात कोणी नव्हतं. आणि लोक? लोक आले. हे लग्न नाही, ही बाई आजारी आहे, हे प्रत्येकाला दिसत होतं. तरी पंगतीला बसले, पोटभर जेवले आणि जाताना मला म्हणाले, "मजा आली व, नवरीबाई!"

नंतर कोणी म्हणालं देवी आली, कोणी म्हणालं करणी झाली. दवाखान्याचं नाव एकानंही काढलं नाही. मामानं तिला अकोल्याला नेलं म्हणून ती वाचली.

तिथले डॉक्टर म्हातारे होते आणि त्यांनी माझ्यासारख्या पोरीला नीट समजावलं. "विहिरीवरची मोटर चालू राहिली आणि बटणच जळालं, तर काय होते? पाणी संपलं तरी ती फिरत राहते. हा मेनिया. तुझी आई आनंदात नाही, ती थांबू शकत नाही, एवढंच." मग त्यांनी लिथियमची गोळी दाखवली. हा मिठाचाच एक भाऊबंद आहे, म्हणाले. रक्तात कमी पडला तर उपयोग नाही, जास्त झाला तर विष. मधली जागा अरुंद, म्हणून रक्त तपासत राहायचं आणि पाणी भरपूर प्यायचं.

काही आठवड्यांत आई कंटाळवाणी झाली. भाजीवाल्याशी कोथिंबिरीवरून भांडायची, माझी वेणी घट्ट घालायची, संध्याकाळी दारात बसून तांदूळ निवडायची. मला ती फार आवडली. लोकांना वाटतं औषधानं माणूस बधिर होतो. असं बोलणाऱ्यांना मी आमच्या दारात आणून बसवलं असतं आणि म्हटलं असतं, पहा, हिला म्हणतात माय.

दोन गोष्टी मात्र गोळीसोबत आल्या. हात थोडे थरथरायचे, त्यामुळे चहाची बशी वाजायची. आणि तहान. ती तांब्यावर तांबे रिकामे करायची. आमचं गाव दर्यापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं. बोअरचं पाणी इतकं खारट की पाहुणा पहिला घोट थुंकतो. टँकरचं गोड पाणी आलं तर ती माझ्यासाठी झाकून ठेवायची आणि स्वतः खारंच प्यायची. "गोळी म्हनते पी, पानी म्हनते नोको पिऊ," ती हसून म्हणायची. "मी कोनाचं आयकू?"

पाणी भरपूर प्या असं तिला प्रत्येकानं सांगितलं. कोणतं पाणी पिता, हे एकानंही विचारलं नाही.

पुढे अकोल्याच्या फेऱ्या परवडेनात. गोळी तालुक्याच्या दवाखान्यात मिळू लागली, पण रक्तातलं लिथियम मोजायची सोय तिथं नव्हती. टेबलामागचा माणूस वर न बघता विचारायचा, "बरी हाय ना? मग चालू ठेवा." वर्षानुवर्षं हीच तिची तपासणी.

मी अमरावतीला शिकायला आले आणि पाण्याच्या चळवळीत शिरले. पत्रकं लिहिली, वाटली, भिंतींवर चिकटवली. गोड पाणी हा आमचा हक्क आहे, असं घसा फोडून ओरडले. ते आजही खरं आहे. गेल्या उन्हाळ्यात बडनेऱ्याला खोली घेतली आणि आईला घेऊन आले. नळाचं पाणी ओंजळीनं पिऊन तिनं माझ्याकडं पाहिलं.

"साखर टाकली काय व याच्यात?"

"नाही गं. असंच असते."

"असंच? रोज?" मग घरमालकिणीला ओरडून म्हणाली, "ओ बाई, तुमी तं सरबतानं भांडे घासता!"

त्या मे महिन्यात ती खरोखर सुखात होती. मग भाकरी थापताना तिचा हात इतका थरथरू लागला की भाकरी परातीतच तुटायची. चालताना झोकांड्या जायच्या. उलट्या सुरू झाल्या, जीभ जड झाली. जवळच्या दवाखान्यात म्हणाले, ऊन लागलं. मी लिथियमचं सांगितलं तर म्हणाले, "ते डोक्याचं आहे ना? इथं पोटाचं चाललंय." मी तिला गाडीत घातलं आणि अकोल्याच्या त्याच डॉक्टरांकडे नेलं.

रक्तात लिथियम विषाच्या पातळीला गेलं होतं. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "गावाला पाणी कोणतं पीत होत्या?" मी सांगितलं. मग त्यांनी समजावलं. खाऱ्या पाण्यातलं मीठ शरीर बाहेर टाकायचं, त्याच्याबरोबर लिथियमही जायचं. त्या पाण्यावरच तिचा डोस जुळला असावा. इथं मीठ एकदम कमी झालं, वरून हे ऊन, मग उलट्या. शरीरानं लिथियम धरून ठेवलं. किडन्या आधीच थकलेल्या होत्या. पाण्यानं की गोळीनं, ते सांगता येणार नाही, म्हणाले.

मी चुकले असं मी लिहिणार नाही. तहानलेल्या बाईला गोड पाणी पाजणं ही चूक नाही. रक्ताची एक तपासणी वेळेत झाली असती तर हे आधीच कळलं असतं. ती तालुक्याला का होत नाही, हा माझा प्रश्न आहे आणि उत्तर मिळेपर्यंत मी तो विचारत राहणार.

पण घरात प्रश्न दुसराच आहे. डायलिसिस करून लिथियम काढलं, आई घरी आली, पण किडन्या पूर्ण सुधारल्या नाहीत. लिथियम कायमचं बंद. त्याऐवजी दुसरी गोळी दिली आहे. ती झोपवते, पण लिथियमसारखी हिला धरून ठेवील की नाही, याची डॉक्टरांनाही खात्री नाही. आईला हे सगळं समजत होतं. रोज सकाळी ती शांतपणे जुनी गोळी मागायची.

"डॉक्टरनं बंद केली न, आई."

"डाक्टर राह्यते काय माह्या डोक्यात?"

"किडनी जाईल."

"जाऊ दे. किडनीनं काय तुही वेनी घातली होती?"

"तू मरशील, आई!"

"मंग?" ती म्हणाली. "तुह्या लग्नाचं आवतन देत फिरली, थे बाई पायजे काय तुले? मले नाई पायजे व. थे लय खुश राह्यते, पन तिले तू दिसत नाई. मले तुही माय राहून मरू दे."

सगळ्या पत्रकांच्या शेवटी मी मागण्या लिहिते. ही मागणी कोणाच्या दारात नेऊ? मी डॉक्टरांना फोन केला, भांडले, रडले. ते म्हणाले, मला ते करता येणार नाही. त्यांचंही खरं होतं. तरी ती मागत राहिली आणि मी रोज नाही म्हणत राहिले.

परवा सकाळी तिनं मागितली नाही.

मी उठले तेव्हा भांडी घासून झाली होती, भिंती पुसून झाल्या होत्या. ती ठेवणीतलं लुगडं नेसली होती. मीच विचारलं, "आज गोळी नाही मागितली?"

"कायले?" ती मोठ्यानं हसली. "मले काय झालं हाय? चाल, चिखलदऱ्याले जाऊ. कॉफी लावू. सारा डोंगर घेऊन टाकू. मामाले फोन लाव, त्याले म्हन बैल घेऊन ये, ट्रॅक्टर घेऊन ये, मानसं आन..."

मी चहा तिच्यासमोर ठेवला. म्हटलं, "आई, पी ना. थंडा होऊन राहिला."

ती बोलतच राहिली.