नदीपलीकडची लाइन

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये परगावचे ट्रंक कॉल जोडणाऱ्या तिला सगळे ‘ट्रंकबाई’ म्हणत. तिचे आजोबा रस्त्याने निघाले की लोक बाजूला होऊन उभे राहायचे, इतकं मोठं सरदार घराणं. आणि ही नात पोस्टाच्या माडीवर, कानाला हेडफोन लावून, दिवसाचे आठ तास परक्यांची बोलणी जोडून देत बसायची. घरी ती धाकटी. थोरली, तिची ताई, नदीपलीकडे.

लढाईच्या पहिल्याच वर्षी वडील गेले. ताई तेव्हा माहेरी आली होती. सैन्य जवळ आल्याचं कळलं तशी ती तडक सासरी निघाली. “माझं माणूस तिकडे एकटं आहे,” एवढंच म्हणाली. आईसाहेबांनी अडवलं नाही. अडवून थांबणारी मुलगी त्यांनी वाढवलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी नदीवरचा पूल उडाला. लढाई संपली तेव्हा नदीचीच सरहद्द झाली होती. टपाल बंद, तारा तोडलेल्या. कोण जगलं, कोण गेलं, कळायला मार्ग नाही.

नवं सरकार आलं. किताब गेले, जमिनी गेल्या, आणि एका सकाळी घराची पाळी आली. एक तरुण अधिकारी हुकूम घेऊन आला आणि दारातच घडाघडा वाचू लागला. आईसाहेबांनी त्याला खुर्ची दिली.

“बसा. आणि पुन्हा वाचा. तुम्ही ‘तात्काळ’ म्हणालात. शब्द ‘तत्काळ’ आहे.”

बिचाऱ्याने पुन्हा वाचलं. दोन तासांनी आईसाहेब एक पेटी आणि दौत-लेखणी घेऊन पायऱ्या उतरल्या. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. धाकटीने मात्र कोपऱ्यापर्यंत मान वळवून वळवून पाहिलं, आणि ठेचकाळली.

शिंप्याच्या दुकानावरची एक खोली त्यांच्या वाट्याला आली. खाली दिवसभर शिलाई मशीन खडखडायचं, वर आईसाहेब खिडकीशी बसून लोकांचे अर्ज लिहून द्यायच्या. कुणाला कोळसा हवा, कुणाचा मुलगा बेपत्ता. “सुंभ जळला तरी पीळ जळत नाही,” शिंपी गिऱ्हाइकांना सांगायचा. पण स्वतःचा अर्ज लिहायचा झाला की तोच सगळ्यांच्या आधी जिना चढायचा.

धाकटीला एक्स्चेंजमध्ये जागा मिळत होती. फॉर्मवर एक रकाना होता : सरहद्दीपलीकडे नातेवाईक आहेत का? असतील तर नोकरी नाही. तिची लेखणी तिथेच अडली.

“लिही, नाहीत,” आईसाहेब म्हणाल्या.

“आईसाहेब, ती माझी सख्खी बहीण आहे.”

“कागदावर नाही म्हटल्याने ती जायची नाही. तू उपाशी राहिल्याने परत यायचीही नाही. लिही.”

तिने लिहिलं. तो एक शब्द पुढे सतरा वर्षं तिच्या मनात सलत राहिला.

बोर्डावर भोकांच्या रांगा होत्या. फोन आल्याचा खटका पडला की त्या भोकात दोरीचं टोक खुपसायचं, “कोणता नंबर?” विचारायचं. वरच्या रांगेतली शेवटची चार भोकं नदीपलीकडच्या लाइनींची. त्यांत लाकडी खुंट्या ठोकलेल्या. कामावर आल्या आल्या ती रुमालाने त्या खुंट्यांवरची धूळ पुसायची. कुणी सांगितलं नव्हतं. एखादी बाई फोनवर हसत हसत बोलायला लागली, की तिचा हात क्षणभर थबकायचा. ताई तशीच बोलायची. आधी हसायची, मग वाक्य पुरं करायची.

सतराव्या वर्षी दोन्ही सरकारांचा करार झाला आणि खुंट्या निघाल्या. पहिला आठवडा ट्रंकबाईने शेकडो माणसं जोडली. स्वतःसाठी लाइन मागायची सोय नव्हती. कागदावर तिला बहीणच नव्हती ना. शनिवारी पलीकडची ऑपरेटर म्हणाली, “इथे एक बाई रोज येऊन बसतात हो. नंबर नाही त्यांच्याकडे. नुसतं घराण्याचं नाव सांगतात. काय करू?”

तिने सांगितलेलं नाव ट्रंकबाईच्याच घराण्याचं होतं.

“जोडा,” ट्रंकबाई म्हणाली.

“हॅलो?” पलीकडून आवाज आला. “मी माझ्या आईला शोधतेय.”

“ताई, आईसाहेब बऱ्या आहेत. मी बोलतेय.”

पलीकडून आधी ते हसणं, आणि त्याच्या मागोमाग रडणं.

मागे एक्स्चेंजच्या मुख्यबाई उभ्या होत्या. तीन मिनिटांचा कॉल त्यांनी पुरा होऊ दिला. लाइन बंद झाल्यावर म्हणाल्या, “तुम्हाला बहीण नाही, असं फॉर्मवर आहे.”

“खोटं लिहिलं होतं.”

ट्रंक बोर्ड गेला. तिला खाली चौकशीच्या खिडकीत बसवलं, बढती कायमची बुडाली. तिला काही वाटलं नाही, असं ती म्हणायची. आणि खरंच रात्री तिला झोप लागायला लागली. दर रविवारी ती आईसाहेबांना ताईशी फोनवर तीन मिनिटं बोलायला पोस्टात घेऊन यायची. ताईला माहेरी येता यावं म्हणून आईसाहेबांनी अर्जांवर अर्ज केले. शेकडो लोकांची कामं करून देणाऱ्या त्या अक्षराला स्वतःसाठी एकदाही होकार आला नाही. थोरलीला डोळ्यांनी न पाहताच त्या गेल्या. रविवारचा फोन मात्र धाकटीने चालू ठेवला.

धाकटीला परवाना मिळाला तो निवृत्तीनंतर, दहा दिवसांचा. स्टेशनवर एक पांढऱ्या केसांची, काठी टेकत आलेली बाई तिच्यासमोर उभी राहिली. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या खऱ्या, पण घरी गेल्यावर बोलायला काही सुचेना. तीन मिनिटांची सवय झालेली. आता दिवसच्या दिवस मोकळे. ताई स्वयंपाकघरातून काही विचारायची तेव्हा ती अगदी ताई असायची. बाहेर येऊन समोर बसली, की कुणी अनोळखी म्हातारी. आपणही तिला तशाच दिसत असणार, हे धाकटीला कळत होतं.

दहा दिवस संपले. गाडीत बसल्यावर तिच्या मनात आलं, रविवार यायला अजून चार दिवस आहेत.